लेकीचं घ्यायचं नसतं

'डोनेट' या इंग्रजी शब्दापुढे गाइडमध्ये 'देणगी देणे' एवढंच छापलेलं असायचं आणि मुलं तेवढंच घोकून यायची. गाइड या प्रकारावर माझा पहिल्यापासून राग. बोईसरच्या एका मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. वर्गात थोडी मुलं आसपासच्या बागायतदारांची, थोडी किनाऱ्यावरच्या नवापूरकडून येणारी कोळ्यांची, उरलेली कारखान्यांत कामाला आलेल्यांची, घरी हिंदी बोलणारी. देणगी म्हटलं की त्यांना गणपतीची वर्गणी आठवायची आणि डोनेशन म्हटलं की मोठ्या शाळेत प्रवेशासाठी मागतात ते. मी खडू घेऊन शब्द फोडायला बसायचे.

लॅटिनमध्ये दोनुम म्हणजे दिलेली वस्तू. त्याच्या पोटात जो 'दो' आहे तोच संस्कृतात 'दा' होऊन बसलाय, आणि त्याचं झालं दान. म्हणजे डोनेट आणि दान ही एकाच घरातली भावंडं, दूरदेशी दिलेली. गंमत अशी की इंग्रजीत डोनेशन हे नाम आधी आलं, कितीतरी वर्षं एकटंच नांदलं, आणि डोनेट हे क्रियापद त्याच्यातून मागाहून काढलं, तेही अमेरिकेत. डॉक्टर देतो तो डोस, तोही ग्रीकांकडचं 'देणं'च. हे सगळं मी एवढ्या हौसेनं सांगायचे आणि मुलं जांभया द्यायची. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो विचारायचा, "हे परीक्षेला येणार का?" तो औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यात पाळीवर होता. दमून आलेल्या माणसाला लॅटिन ऐकवू नये एवढं मला कळायला हवं होतं, पण मास्तरणीची जीभ. ती काही राहत नाही.

माझ्या वडिलांची केळव्याला वाडी होती. नारळ, सुपारी, केळी आणि मुख्य म्हणजे पानवेली. बाबा चौथी शिकलेले, पण पानाला हात लावून सांगायचे की हे उद्या पिवळं पडणार. आई मी कॉलेजात असतानाच गेली. घरी माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. लग्न होऊन मी बोईसरला आले, तेव्हा बाबा दर दोन-तीन आठवड्यांनी यायचे. केळवे रोडला शटल पकडायची आणि बोईसरला उतरून चालत घरी. हातात नारळ, केळ्याचा घड, पानांची करंडी. पण माझ्या घरात ते पाणीसुद्धा प्यायचे नाहीत.

रीत जुनी आहे, आमच्याकडे पुष्कळांच्या घरी होती. लेकीचं कन्यादान केलं की तिला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. एरवी यात कुणाचं फारसं अडत नाही. वर्षा-दोन वर्षांत पाळणा हलतो, बापाला नातू मांडीवर मिळतो आणि लेकीच्या हातचा चहाही. माझ्या मैत्रिणींचे बाप असे केव्हाच सुटले. माझा पाळणा काही हलेना. वर्षं गेली, उपास झाले, पालघरच्या आणि मुंबईच्या डॉक्टरणी झाल्या, आणि बाबा आपले अजून दारातल्या खुर्चीत बसून घाम पुसत होते.

त्यांना तहान लागली की ते शेजारी जायचे. शेजारी बनारसकडचं एक कुटुंब होतं. तिथली बाई "बाबूजी, आइए" म्हणत त्यांना चहा द्यायची आणि ते तो बशीत ओतून मजेत प्यायचे. मी भिंतीच्या अलीकडे बसून तो फुर्र आवाज ऐकायचे. एकदा मी चिडून आमच्याच घरी आलं घालून चहा केला आणि तिच्या कपातून तिच्याच हातून पाठवला. बाबांनी कप नाकाशी नेला, खाली ठेवला आणि तिला म्हणाले, "बेटी, ये तो मेरी लड़की के घर का है." तिनं येऊन मला सांगितलं आणि दोघी हसलो. मी जरा जास्तच हसले.

वाद घालून पाहिला नाही असं नाही. मी म्हणायचे, बाबा, तुम्ही केळी आणता, मी खाते, मग मी केलेला भात का नाही? ते म्हणायचे, "दिलेल्याच्या घरी परत हात नाय पसरायचा, बाय." मी म्हणायचे, मी काय वस्तू आहे का दान करायला? त्यावर ते टोपी काढून घाम पुसायचे. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांना राग येत नसे, आणि ज्या माणसाला राग येत नाही त्याच्याशी भांडणार तरी किती?

मग एका सकाळी शाळेत निरोप आला की बाबा वाडीत चक्कर येऊन पडले आणि त्यांना पालघरला एका लहानशा खाजगी दवाखान्यात नेलंय. मी तास अर्धवट सोडून पळाले. पोटात जुना व्रण होता, तो फुटून आतल्या आत रक्त वाहत होतं. बाबांना आठवडाभर शौचाला काळं होत होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. चेहरा मेणासारखा, नखं पांढरी. डॉक्टर मध्यमवयाचे, कमी बोलणारे होते. त्यांनी मला आणि भावाला बाहेर घेतलं. "रक्त द्यावं लागेल. आजच. इथे रक्तपेढी नाही, मुंबईहून आणावं लागतं. आणि यांचा गट सहज मिळणारा नाही."

गट होता बी निगेटिव्ह. भावाचं रक्त तपासलं, जुळलं नाही. वहिनीचं नाही. माझं जुळलं. लॅबच्या माणसानं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा, खरं सांगते, मला आनंद झाला. बाप आत पडलाय आणि मला आनंद झाला. इतक्या वर्षांत त्यांना हवी असलेली एक तरी वस्तू माझ्याकडे निघाली होती.

भाऊ नमुन्याची कुपी घेऊन मुंबईच्या गाडीला गेला, कारण एका बाटलीनं भागणार नव्हतं. मी आत जाऊन टेबलावर पडले. समोरच्या भिंतीवर 'रक्तदान श्रेष्ठदान' असं लिहिलेलं चित्र होतं. मी ते वाचत पडले. मनात म्हटलं, मास्तरीणबाई, घ्या, दोनुम. बाटली भरली, तिच्यावर चिकटपट्टी लावली, आणि पुन्हा एकदा दोघांचं रक्त एकत्र करून पाहायला तासभर लागेल म्हणाले. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की कुणाचं आहे ते म्हाताऱ्याला सांगू नका, कारण रीत त्यांनाही ठाऊक होती. मी बाही खाली ओढून घेतली.

घात केला तो दवाखान्यातल्या मावशीनं, आणि तिचा काडीचा दोष नव्हता. ती बाटली घेऊन खोलीत आली, मागे डॉक्टर, त्यांच्यामागे मी. तिला कौतुक आवरेना. बाबांच्या उशाशी वाकून ती म्हणाली, "बाबा, नशीब काढलंत. सख्ख्या लेकीनं रगत दिलंय तुमाला. पोरगे बी देत नाय कदी." आमच्या भागात कुणाचं भलं केलं की ते त्याच्या तोंडावर सांगायची पद्धतच आहे. न सांगणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान.

बाबांनी डोळे उघडले. बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको," ते म्हणाले.

डॉक्टर समजावत राहिले. बाबांच्या हाताला सलाईन लावलेलं होतं, त्याला त्यांची हरकत नव्हती, ते दवाखान्याचं पाणी. पण ही बाटली टांगली तर सुई उपटून टाकीन असं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, आणि दुसरा हात त्या सुईवर नेऊन ठेवला. डॉक्टरांचा आवाज चढला. "अहो, मराल." बाबा म्हणाले, "मरायला मी कुटं नाय मनतो? पोरगा मुंबईला गेलाय ना, तो आनंल ते लावा."

"तो संध्याकाळशिवाय येत नाही. तोवर तुम्ही टिकलात तर."

"टिकतो."

डॉक्टरांनी हात टेकले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "शुद्धीवर आहेत तोवर मी जबरदस्ती करू शकत नाही. झटापट केली तर रक्तस्राव वाढेल. शुद्ध हरपली की लगेच बोलवा, लगेच लावू. मात्र फार उशीर व्हायला नको." बाटली फ्रिजमध्ये ठेवली. मी पुन्हा बाबांच्या खाटेशी जाऊन बसले.

आता माझी अवस्था बघा. बाप बेशुद्ध व्हावा म्हणून मी वाट पाहत होते. पण फार खोल नाही, जरासाच, सुई लावण्यापुरता. कुठल्या देवाला असलं काही मागायची सोय आहे? मी केळव्याच्या शीतळादेवीचं नाव मनात घेतलं आणि पुढे शब्दच सुचेना. दुपारचं ऊन खिडकीतून खाटेच्या पायाशी आलं होतं. बाबांचे डोळे मिटायला लागले की मी डॉक्टरांना हाक मारायला उठायचे, आणि ते परत उघडले की मला हायसं वाटायचं आणि त्याच क्षणी वाईटही.

आणि बाबांना ते कळलं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी ऐकलं नसेल, पण चौथी शिकलेला माणूस खुळा नसतो. झोप लागली की ही लोकं लावणार, एवढा हिशोब त्यांनी केला. म्हणून ते बोलत राहिले. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पानवेलींची उतरण यंदा राहिली म्हणाले. वेल वर गेला की तो खाली घेऊन त्याची वेटोळी मातीत पुरतात, म्हणजे त्याला नवी मुळं फुटतात आणि वेल पुन्हा वर चढतो. ती उतरण भाऊ घाईनं करतो, त्याला कोंब मोडतात ते दिसत नाही. मग विहिरीच्या रहाटाचं बोलले. मग आईचं, की तिला पान लावता येत नव्हतं, चुना जास्त व्हायचा. मध्येच जीभ जड व्हायची. ते मान हलवायचे, ओठ चावायचे आणि पुन्हा सुरू करायचे.

शेवटी त्यांचं बोलणं संपलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू बोल," ते म्हणाले. "शाळेत काय शिकवतेस ते सांग."

जन्मात त्यांनी मला हे विचारलं नव्हतं. माझं शिक्षण त्यांनी केलं, बोर्डिंगमध्ये ठेवून केलं, लोक हसले तरी केलं. पण त्या शिक्षणात आहे काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही, जसं देवळाला दिलेल्या समईत तेल कुणी घातलं ते विचारत नाहीत. आणि आता विचारत होते, कशासाठी, तर माझ्या बाटलीपासून वाचायला. मी गप्प बसले असते तर कदाचित त्यांना ग्लानी आली असती. पण बापानं पहिल्यांदा विचारल्यावर गप्प बसणारी मी नव्हे, तुम्हीही नसता बसला. आणि त्या घटकेला माझ्या डोक्यात दुसरा शब्द तरी कुठला होता?

मी डोनेट सांगितला. दोनुम सांगितलं, दो सांगितलं, आपलं दान तेच हे सांगितलं.

त्यांना ते फार आवडलं. वर्गात कुणाला आवडलं नाही इतकं आवडलं. "मजे साहेब पन दानच मनतो?"

"हो. शब्द आपल्याच कुळातला."

"आनि दिलेलं परत घेतो का साहेब?"

डोक्यात सगळे अर्थ घेऊन आले होते, त्यांतला एकही माझ्या कामाचा निघाला नाही. ज्या शब्दानं मी त्यांना वळवीन असं मला क्षणभर वाटलं होतं, तो शब्द त्यांनी सरळ आपल्या बाजूला बसवून घेतला. मी म्हटलं, "बाबा, मला दान केलंत ते केलंत. पण रक्त तुम्ही दिलेलंच आहे ना मला? तुमचाच गट. तुमचंच तुम्ही घेताय."

"दिलं तवा तुजं झालं," ते म्हणाले. "माजं कसं राहील?"

मग मी चिडले. आजारी माणसावर चिडू नये, पण चिडले. म्हटलं, तुमच्या या रितीपायी मी पोरकी होणार आहे, ते चालेल का तुमच्या शास्त्राला? त्यांनी मान छताकडे वळवली. त्यांना बोलतं ठेवायचं नव्हतं तरी माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, "इंग्रजीत माफीला पार्डन म्हणतात. त्याच्या पोटातही हेच देणं आहे. पुरतं देऊन टाकणं, मागे काही न ठेवता. मी रागावले, मला माफ करा."

ते हळूच म्हणाले, "लेकीला काय माफ करायचं." जरा थांबून म्हणाले, "मीच मागायला हवी तुज्याकडनं."

"मग मागा. दिली."

त्यांनी खरोखर विचार केला. ओठ हलत होते. मग मान डावी-उजवीकडे केली. "नाय. ती पन नको. ती पन देनंच झालं."

त्यानंतर ते बोलले नाहीत. डोळे अर्धे उघडे राहिले. मी हाक मारली, खांदा हलवला. मावशी धावली, डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, पापणी वर करून पाहिली. बाटली आणली. आणि मग, देव जाणे का, ते थांबले आणि माझ्याकडे वळले. भाऊ मुंबईत होता, नवरा कारखान्यात, खोलीत आमच्या घरचं दुसरं कुणी नव्हतं. "लावू?" त्यांनी विचारलं.

"लावा," मी म्हणाले.

थेंब थेंब जात राहिलं. मी नळीकडे पाहत बसले. एवढं जबरदस्तीनं कुणी कुणाला काही दिलं नसेल.

भाऊ अंधार पडता पडता आला. थर्मासच्या डब्यात बर्फात ठेवलेली एक बाटली घेऊन आला, कुणा अनोळखी माणसाची. तोवर बाबांना थोडी शुद्ध आली होती आणि रक्तस्राव कमी झाला होता. डॉक्टर म्हणाले, तेवढ्यानं तरले. दुसरी बाटली टांगताना बाबा टक्क जागे होते. त्यांनी विचारलं, कुणाचं? भावानं सांगितलं, पेढीतलं, कुणा माणसानं दिलेलं, नाव माहीत नाही. तेव्हा बाबांनी सुई लावलेला हात तसाच ठेवून दुसरा हात कपाळाला लावला आणि त्या बाटलीला नमस्कार केला. "भला मानूस," ते म्हणाले. मी खोलीच्या कोपऱ्यात उभी होते. नाव माहीत नसलेल्या माणसाचा मला एवढा हेवा कधी वाटला नव्हता.

मग त्यांनी रिकामी बाटली पाहिली. मावशीनं ती अजून उचलली नव्हती. भाऊ खाली बघायला लागला, मी खिडकीबाहेर. त्यांना कळलं. ओरडतील, रडतील, निदान तोंड फिरवतील असं मला वाटलं. यांतलं त्यांनी काही केलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी डॉक्टर तपासायला आले तेव्हा विचारलं, "डाक्टर, दुसऱ्याचं रगत आंगात किती दिवस ऱ्हातं?" डॉक्टरांना वाटलं, पेशंटची उत्सुकता. खुशीत येऊन त्यांनी सांगितलं की रक्तातल्या लाल पेशी तीन-चार महिने जगतात, मग मरतात, शरीर आपली नवीन तयार करतं. चार महिन्यांनी दुसऱ्याचं म्हणून काही उरत नाही.

"चार म्हैने," बाबा म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

ते बरे होऊन केळव्याला गेले. मी दर रविवारी जाऊन यायचे. औषधं वेळेवर घेत होते, तिखट सोडलं होतं, वाडीत काठी टेकत का होईना पण फिरत होते. माझ्याशी नेहमीसारखंच बोलायचे. पण बोईसरला येणं त्यांनी बंद केलं. भाऊ म्हणायचा, अशक्तपणा आहे. वहिनी म्हणायची, सोमवार धरलेत, कशाचे ते सांगत नाहीत. मला वाटायचं, माझ्यावर रुसलेत. मी लावा म्हणाले हे त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा लावाच म्हणेन, असं मी मनातल्या मनात त्यांना रोज ऐकवायचे. रात्री नवऱ्यालाही ऐकवायचे. तो म्हणायचा, "अगं, वाचले ना?"

त्याच महिन्यांत आम्ही मुंबईला एका मोठ्या डॉक्टरणीकडे शेवटची फेरी मारली. तिनं सगळे तपास पुन्हा केले आणि आम्हाला दोघांना समोर बसवून, उगाच गोड न बोलता, सांगितलं की तुम्हाला मूल होणार नाही. उपाय नाही. आता औषधं थांबवा, पैसे आणि जीव घालवू नका. येताना गाडीत वैतरणेच्या पुलावर नवऱ्यानं माझा हात धरला, तो बोईसरपर्यंत सोडला नाही. कुणाला सांगायचं नाही असं आमचं न बोलताच ठरलं. सांगून करायचं काय?

आणि मग एका दुपारी बाबा आले. मी शाळेतून नुकतीच आले होते. दारात पाहते तो धुतलेलं धोतर, टोपी, हातात काठी आणि खांद्याला केळ्याचा घड. एवढं ओझं घेऊन स्टेशनवरून चालत आले होते. मी घड उतरवून घेतला, ओरडणार होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबले. इतके खूश मी त्यांना माझ्या लग्नातसुद्धा पाहिले नव्हते.

"झाले," ते म्हणाले. "चार म्हैने झाले. वर आनि आठ दिवस जाऊ दिले. डाक्टरला परत जाऊन इचारलं. तुजं आता एक थेंब नाय माज्यात."

मला वाटलं, कुणीतरी कानशिलात मारली. मी म्हटलं, "बाबा, एवढं नकोसं होतं माझं?"

ते गोंधळले. खरंच गोंधळले. काठी भिंतीला टेकवून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"येडी हायेस काय? नकोसं कुटलं? माजी आई मनायची, लेकीची कूस उजवायच्या आदी बापानं तिचं खाल्लं, तर तिच्या वाटचं पोर तो खातो. मी तुज्या घरचा कनभर नाय घेतला इतकी वर्सं, का? तुज्या वाटचं ऱ्हावं मनून. आनि तिथं तर तुजं रगतच गेलं माज्यात. चार म्हैने मी नीट झोपलो नाय, बाय. मी हितं जितो हाय आनि तिकडं तुजं पोर अडलंय माज्यापायी. सोमवार केले. आता संपलं. आता माजं आडवं काय नाय." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. "आता होईल तुला."

इतकी वर्षं मी ज्याला हट्ट समजले, अडाणीपणा समजले, ज्याच्यावर शेजारणीबरोबर हसले, ते हे होतं. दवाखान्यात ते मरायला तयार होते ते कुठल्या शास्त्रासाठी नव्हे, माझ्या न झालेल्या मुलासाठी. आणि ते मूल होणार नव्हतं, रक्त दिलं म्हणून नव्हे, घेतलं म्हणूनही नव्हे. मोठ्या डॉक्टरणीनं सांगितलेलं ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते सांगितलं तर त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं का, की कायमचं बसलं असतं, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी विश्वास ठेवला नसता. त्यांनी त्या चार महिन्यांकडे बोट दाखवलं असतं.

ते माझ्या तोंडाकडे पाहत उभे होते. हात अजून डोक्यावर होता, वाडीतल्या कामानं खरखरीत झालेला.

"होईल ना?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा," मी म्हणाले. "होईल."